दोन मोठ्या टाक्या की चार लहान? आयोडीन वॉर्डाच्या सांडपाण्याचा हिशेब

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत आयोडीन-131 चा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइडवर उपचार करण्याचा, वॉर्ड काढायचा ठरलं की मशीन, किरणं अडवणारं शिसं, दारं यांवर बैठकांवर बैठका होतात. रुग्णाच्या लघवीतून किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडतं, ते निवेपर्यंत साठवणारी सांडपाण्याची टाकी मात्र प्लंबरवर सोपवली जाते. मग जागा कमी पडते ती नेमकी तिथेच.

आधी टाकी लागते का ते पाहा. नुसते स्कॅन करणार असाल तर मोठा प्रपंच नको: स्कॅनसाठी वापरतात त्या टेक्नेशियम-99एमचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) 6 तास, फ्लोरीन-18 चं 110 मिनिटं. हायपरथायरॉइडचे 30 मिलिक्युरीच्या (किरणोत्साराचं माप) आतले आयोडीनचे डोस घेऊन रुग्ण सूचनांसह घरी जातो. थायरॉइड कॅन्सरचे त्यावरचे डोस द्यायचे, तर विलगीकरण खोली आणि तिच्या संडासाला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र टाकी हवी. बायोमेडिकल कचऱ्याच्या गाडीवर भिस्त ठेवू नका. 2016 चे ते नियम किरणोत्सारी कचऱ्याला लागूच नाहीत. हे सगळं एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) अखत्यारीत येतं.

आता मूळ प्रश्न. आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे टाकीत पाणी जितके दिवस थांबेल तितकं बरं. समजा दोन खाटा आहेत, प्रत्येक खाट आठवड्यात चार दिवस भरलेली आणि माणशी रोज 100 लिटर पाणी. आठवड्याला 800 लिटर झाले. एकूण जागा 12,000 लिटरची.

6,000 च्या दोन टाक्या केल्या, तर एक भरेपर्यंत दुसरी थांबते: साधारण 52 दिवस. भरून बंद केली तेव्हाच्या तुलनेत सोडताना किरणोत्सार उरतो सुमारे नव्वदावा भाग. तेच पाणी 3,000 च्या चार टाक्यांत विभागलं, तर भरलेली टाकी उरलेल्या तीन भरेपर्यंत थांबते. 79 दिवस मिळतात आणि उरतो साधारण नऊशेवा भाग. जागा तितकीच, फरक दहापट. किंमत मोजावी लागते ती जास्त व्हॉल्व्ह, जास्त सांधे आणि जास्त देखभालीची. जुन्या अडचणीच्या इमारतीत मी तीनवर थांबेन. नवं बांधकाम असेल तर चारच.

पण टाक्यांआधी फ्लश बघा. जुनी टाकी एका ओढीला 10-12 लिटर सोडते, दोन बटणांची 3 किंवा 6. पाणी माणशी 200 लिटरवर गेलं, तर त्याच चार टाक्यांत जेमतेम 39 दिवस मिळतात आणि तिसावा भाग उरतो. नागपूरच्या मे महिन्यात रुग्ण दोनदा अंघोळ करणारच, ते धरून चाला. कूलरचं किंवा एसीचं पाणी मात्र या लाइनीत सोडू देऊ नका. कुणीतरी सोयीसाठी जोडून टाकतंच.

जमिनीखाली काँक्रीट की वर, खोलीत, स्टील किंवा एफआरपी (काचतंतूचं प्लास्टिक)? काँक्रीटची जाड भिंत किरणं अडवते हे खरं. पण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पुरलेल्या टाकीची गळती दिसत नाही. एफआरपी किरणं अडवत नाही म्हणून भोवती भिंत लागते, तरी तळाशी बांध घालून वर ठेवलेलीच मला बरी वाटते. टॉर्च मारला की ओल दिसते. हवेची नळी गच्चीवर न्या, फिल्टरसह. वाटेत खिडकी नको.

ल्युटेशियम-177 या दुसऱ्या किरणोत्सारी औषधाचा विचार असेल तर पुरवठादाराला विचारा, त्यात ल्युटेशियम-177एम आहे का. पहिल्याचं अर्धायुष्य 6.7 दिवस, त्या अशुद्धीचं 160. असेल तर वरचे सगळे दिवस नव्याने मोजावे लागतील.

टाकी सोडण्याआधी नमुना मोजून नोंद करायची ती टाक्या दोन असोत की चार, सारखीच. व्हॉल्व्हची किल्ली आरएसओकडे (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) ठेवा, पंपवाल्याकडे नको: पाणी पुढे भांडेवाडीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला जातं आणि तिथून शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला.