दीड, अडीच की चार? वायर घेण्याआधी अंतर मोजा

वायर निवडताना बहुतेक जण एकच विचारतात, "एवढा लोड सोसेल ना?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. किती लांब न्यायची आहे, हे कोणी विचारत नाही.

हिशेब शाळेतलाच. तारेचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, लांबीच्या सम प्रमाणात असतो आणि काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट, क्षेत्रफळ दुप्पट केलं की निम्मा. गफलत होते ती जाडीत. 'दीड एमएमची वायर' म्हणजे दीड मिलिमीटर जाडी नव्हे, दीड चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ. एकसंध गोल तार धरली तर तिचा व्यास भरतो जेमतेम १.४ मिमी आणि चारच्या वायरचा २.३ मिमीच्या आसपास. डोळ्यांना चारची वायर दीडपटीहून थोडी जाड दिसते, आतलं तांबं मात्र अडीचपटीहून जास्त असतं. वरचं प्लॅस्टिक तर आणखी फसवतं. तेव्हा नजरेवर जाऊ नका, वायरवर छापलेला आकडा वाचा.

आता तिन्ही शेजारी ठेवू. तांब्याची लवचीक वायर, २३० व्होल्ट, १० अँपिअर, अंतर ४० मीटर. वीज जाते तशी परतही येते, म्हणून लांबी धरायची ८० मीटर.

दीड: रोध १.०६ ओहम, वाटेत १०.६ व्होल्ट गळतात, १०६ वॅट उष्णतेत जातात.
अडीच: ०.६४ ओहम, ६.४ व्होल्ट, ६४ वॅट.
चार: ०.४ ओहम, ४ व्होल्ट, ४० वॅट.

हे आकडे २० अंश सेल्सिअसचे. तांबं ७० अंशांपर्यंत तापलं तर रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो.

यात दीडची वायर हाताला फारशी गरम लागणार नाही, आणि तिथेच माणूस फसतो. दर मीटरला होणारी उष्णता अंतर ५ मीटर असो की ४०, तेवढीच असते. वाढत जाते ती व्होल्टची गळती. मी स्वतः एकदा बारीक वायरच्या लांबलचक एक्स्टेंशनवर ड्रिल मशीन चालवत होतो. भिंतीत शिरताना मशीन रडायला लागली. कार्बन ब्रश बदलले, तरी तेच. शेवटी भिंतीतल्या सॉकेटला थेट लावली आणि मशीन ठणठणीत निघाली. (एक्स्टेंशन रिळावर गुंडाळलेलं ठेवून मोठा लोड घेऊ नका. रोध तोच असतो, पण उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.)

माझा कौल असा. अंतर ५-६ मीटर असेल तर वर धरलेल्या १० अँपिअरच्या लोडला दीड पुरे. दीड आणि चारमधला फरक तिथे एका व्होल्टच्याही आत राहतो. वीस-पंचवीस मीटरला अडीच. चाळीसच्या पुढे, त्यातही मोटर असेल तर, सरळ चार. मात्र लोड आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) यांना जी किमान जाडी लागते तिच्याखाली कोणत्याही अंतराला जायचं नाही.

१२ व्होल्टचं काम असेल तर सगळं गणितच बदलतं. ५ अँपिअरला १० मीटरवर दीडची वायर १.३ व्होल्ट खाते, म्हणजे बाराचे ११ टक्के. चारची घेतली तरी अर्धा व्होल्ट जातोच. तिथे जाडी वाढवण्याआधी बॅटरी जवळ आणता येते का ते बघा.

चपटी की गोल, यात डोकं घालू नका. आकाराने फरक पडत नाही, क्षेत्रफळाने पडतो, हे हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२१ मध्येच दाखवलं होतं. ॲल्युमिनियम घ्यायचं तर तेवढ्याच रोधासाठी क्षेत्रफळ साधारण १.६ पट लागतं. वजन तरीही निम्म्याच्या आसपास राहतं, म्हणून खांबावरच्या तारांना ते शोभतं. घरातल्या जोडण्यांसाठी मी तांबंच घेईन.

आणि चारची ठरवलीत, तर सॉकेटच्या टर्मिनलमध्ये ती बसते का ते आधी बघा. बसत नाही म्हणून टोकाच्या दहा-बारा तारा कापून टाकणारे मी पाहिले आहेत. त्या बोटभर जागेत चारची वायर तीनची होते, आणि तापते ती नेमकी तिथेच.