लॅम्ब्टनसाहेबाचे भिंग : एका बनावट पुराणवस्तूचा अनुभव

वर्धा जिल्ह्यात जुन्या वस्तू जमवणाऱ्या मंडळींनी वेळीच सावध व्हावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझा संग्रह तसा लहानच, म्हणजे जुनी मापे, अडकित्ते आणि तांब्याची नाणी एवढाच आहे. पण आठवडी बाजारात बसणाऱ्या भंगारवाल्यांना तो ठाऊक आहे. त्यांच्यापैकीच एकाची ओळख सांगत एक विक्रेता घरी आला आणि त्याने कापडात गुंडाळलेले मुठीचे भिंग माझ्यापुढे ठेवले.

कडे पितळेचे, मूठ शिसवीची आणि सगळ्यावर सारखी काळपट झाक. कड्यावर इंग्रजीत सर्वेक्षण खात्याचे नाव, 1822 हा सन आणि मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ ही अक्षरे कोरलेली होती. त्याची कथा मात्र वस्तूपेक्षा जास्त घोटून तयार केलेली होती. 1802 मध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात करणारा विल्यम लॅम्ब्टन नागपूरकडे जात असताना जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला आणि त्याची कबरही तिथेच आहे, ही गोष्ट खरी आहे. तिला विक्रेत्याने आपले शेपूट जोडले, ते असे की साहेबाच्या सामानातील हे भिंग एका नोकराने ठेवून घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात जपले गेले. पुरावा म्हणून मोडीतला एक जीर्ण कागद त्याने दाखवला. खिशातले लोहचुंबक काढून ते पितळेला चिकटत नाही, हेही त्याने स्वतःच करून दाखवले. यावरून वस्तू लोखंडाची नाही एवढेच ठरते, तिचे वय ठरत नाही. बोलणे चालू असतानाच त्याला फोन आला. तो म्हणाला, “गुरुजी, नागपूरची पार्टी बावीस हजार देऊन राह्यली, पण तुमाले मी बारात देतो.” पैसे मोबाईलवरून त्याच्या खात्यावर गेले.

पुढे वर्ध्याच्या एका जाणकार संग्राहकाने ते भिंग उजेडात धरून तपासले. कडे मुठीला बसवणाऱ्या दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच होती. हे स्क्रू 1930 च्या दशकात प्रचारात आले, त्यामुळे 1822 च्या वस्तूत ते मूळचे असणे शक्य नाही. दुसरा खुलासा त्या कोरीव अक्षरांनीच केला. ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती 1837 मध्ये गादीवर आली आणि 1822 साली ती जेमतेम तीन वर्षांची होती. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर चौथा जॉर्ज होता. भिंगही काचेचे नव्हते. खरी काच ओठाला लावली की गार लागते आणि नखाने टिचकी मारली की खणखणीत वाजते. हे मात्र कोमट लागत होते, आवाज बद्द येत होता आणि वजनही हलके होते, कारण ते ॲक्रिलिकचे, म्हणजे एका पारदर्शक प्लॅस्टिकचे होते. स्क्रू काढल्यावर कड्याच्या आतील पितळ कालच घासल्यासारखे पिवळेजर्द निघाले. खऱ्या जुन्या वस्तूत हाताची पकड जिथे पडते ती जागा घासून उजळलेली असते आणि खाचाखोचांत काळे साचलेले असते. रसायनाने आणलेली झाक मात्र वरवर आणि सगळीकडे सारखी दिसते. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी तो कागद वाचला, तेव्हा ती शेतसाऱ्याची जुनी पावती निघाली. कागद अस्सल होता, पण त्यात भिंगाचा उल्लेखही नव्हता.

मुरादाबाद आणि रुडकी येथे अशा पितळी प्रतिकृती उघडपणे तयार होतात आणि शोभेच्या वस्तू म्हणून स्वस्तात मिळतात. त्यात गैर काही नाही. गुन्हा होतो तो तीच वस्तू पुरातन म्हणून विकण्यात. म्हणून शंभर वर्षांहून जुनी वस्तू असल्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला आधी परवाना विचारावा, कारण 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार अशा वस्तूंचा व्यापार विनापरवाना करता येत नाही. मूठ हस्तिदंताची असल्याचे कोणी सांगितले, तर सौदा तिथेच थांबवावा. हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे. जुनेपणा पाहण्यासाठी भिंग चिंचेने किंवा लिंबाने घासू नये, कारण वस्तू खरी निघाली तर तिचे मोल त्या घासण्यातच जाते. पैसे मोबाईलवरून दिले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करून लगेच तक्रार करावी. उशीर झाला की रक्कम खात्यात गोठवून ठेवणे अवघड होते. पोलीस ठाण्यातील तक्रार भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली होते.

माझी तक्रार दाखल आहे आणि त्या विक्रेत्याचा फोन बंद आहे. समुद्रपूर तालुक्यातील एका परिचितांकडे नुकतीच एक पितळी दुर्बीण विकायला आली होती. कथा तीच, नोकर तोच, मोडी कागदही तसाच. फक्त लॅम्ब्टनच्या नावापुढे सन कोरला होता 1825, म्हणजे साहेब वारल्यानंतर दोन वर्षांनी. परिचितांनी तो सन वाचला आणि दुर्बीण घेतली नाही.