टोपीचं पिस्तूल घेताना: मूळचं की चकमकीवरून बदललेलं?

विकणारा म्हणाला, "हे कित्तूरच्या लढाईतलं," तर आधी घोड्याकडे, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाकडे, बघावं. कित्तूरची लढाई 1824 ची. कित्तूरच्या बाजूने पुढे लढत राहिलेल्या संगोळ्ळी रायण्णांना नंदगडला फाशी दिली ती 1831 मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत टोपीवर, म्हणजे निपल नावाच्या पोकळ टोकावर चढवलेल्या मसाल्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून, उडणारी हत्यारं आली ती 1840 च्या दशकात, तोवर सगळा कारभार चकमकीवर, म्हणजे गारगोटी पोलादावर घासून पडणाऱ्या ठिणगीवर. त्यामुळे मूळचंच टोपीचं असलेलं फौजी पिस्तूल कित्तूरचं असूच शकत नाही. आधी चकमकीचं होतं आणि पुढे टोपीवर आणलं, अशा पिस्तुलाची नळी आणि दस्ता मात्र त्या काळातला असू शकतो. 1844 चा सामानगडचा गडकऱ्यांचा उठाव किंवा 1858 चं नरगुंदचं बंड सांगितलं, तर दोन्ही प्रकार काळात बसतात. काळात बसलं म्हणजे पुरावा झाला असं नाही. ती फक्त पहिली चाळणी.

खरी निवड या दोन प्रकारांतच असते. तिसरा प्रकार बाजारासाठी नव्याने बनवलेल्या नकलेचा. तो वेळेत ओळखला नाही तर पहिल्या दोघांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

मूळच्या टोपीच्या पिस्तुलात आपल्याकडे सर्वांत आधी शोधावं ते कंपनीच्या घोडदळाचं. नळी 9 इंच, म्हणजे सुमारे 23 सेंमी, तोंडाचा व्यास .65 इंच, म्हणजे साडेसोळा मिमीच्या आसपास. आत आटे (गोळी फिरवणाऱ्या पीळदार खाचा) नाहीत. गज (बार ठासायची सळई) नळीला बिजागरीने जोडलेला असतो, कारण घोड्यावर बसून ठासताना सुटा गज हातातून पडला की स्वार निकामी. चापाची कडी आणि मुठीची टोपी पितळी. लॉकवर (घोडा आणि त्याची यंत्रणा ज्या पट्टीवर बसते त्यावर) मुकुट धरलेला उभा सिंह असतो. 1808 च्या सुमारापर्यंत कंपनी चार भाग केलेल्या हृदयाची खूण वापरत होती, सिंह त्यानंतरचा. म्हणून हृदयाची खूण आणि टोपीचा घोडा एकाच लॉकवर दिसला तर ते लॉक नक्की बदललेलं आहे. सिंह आणि 'टॉवर' ही अक्षरं एकाच पट्टीवर दिसली तर जास्तच सावध व्हावं: 'टॉवर' हा इंग्लंडच्या सरकारी शस्त्रागाराचा ठसा, सिंह कंपनीचा.

आखूड, 6 इंची नळीचं आणि पट्ट्यात अडकवायला बाजूला लोखंडी आकडा असलेलं पिस्तूल आलं तर ते बहुधा 1842 च्या नमुन्याचं आरमारी. चांगली वस्तू आहे, पण घोडदळाचं म्हणून घेऊ नये.

आता बदललेलं. त्यात रंजकाची (ठिणगीने आधी पेटणाऱ्या दारूची) वाटी काढून टाकतात, कानाचं (ती आग नळीत नेणारं) भोक मोठं करून आटे पाडतात, त्यात लोखंडाचा छोटा गोल ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर निपल. चकमक धरणारा जुना घोडा जाऊन टोपीवर आपटणारा नवा येतो. लॉकची पट्टी जुनीच राहते आणि तीच सगळं सांगते: पोलादी झडपेच्या (जिच्यावर चकमक घासते तिच्या) स्क्रूचं बुजवलेलं भोक, झडपेच्या स्प्रिंगचं दुसरं भोक, वाटी बसायची तिथला अर्धगोल कापलेला काठ. तिरप्या उजेडात, सकाळच्या उन्हात खिडकीपाशी धरलं की बुजवलेली भोकं वेगळ्या रंगाच्या टिकलीसारखी उठून दिसतात. ही भोकं असणं दोष नाही, उलट पिस्तूल आधी खरंच चकमकीचं होतं याची ती साक्ष आहे. दोष तेव्हा, जेव्हा ठोकळा पितळेने झाळलेला असतो, त्याचे आटे नळीत तिरके गेलेले असतात किंवा घोड्याचं तोंड निपलवर सरळ न बसता कडेला बसतं.

पहिलंच पिस्तूल घेणाऱ्याने मूळचं टोपीचं घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याची मापं, ठसे, भाग ठरलेले असतात, आणि ताडून बघायला व्हर्नियर आणि टॉर्च पुरते. बदललेलं पिस्तूल समजायला आधी चांगलं चकमकीचं आणि चांगलं टोपीचं, दोन्ही हाताळलेली असावी लागतात. पण तीन-चार पिस्तुलं पाहून झाली की उलटं करावं: त्या काळी नीट बदललेलं, ठसे शाबूत असलेलं पिस्तूल मिळालं तर सोडू नये. एकाच हत्यारात दोन पिढ्यांचं तंत्र दिसतं, आणि कित्तूर-बेळगावच्या या भागाच्या इतिहासाला तेच जास्त जवळचं आहे.

नक्कल ओळखायची खूण ठशातच सापडते. जुना ठसा नवी नळी गुळगुळीत असताना मारलेला असतो. पुढे गंज चढतो तो ठसा खातो, अक्षरांच्या कडा आजूबाजूच्या धातूइतक्याच झिजतात. नकलेत आधी गंज आणि मग ठसा, म्हणून गंजाच्या खड्ड्याच्या तळाशीही अक्षराची कड धारदार राहते. दहा पटीचं भिंग असलं की हे मिनिटभरात कळतं. शिवाय लाकूड हलकं आणि रंगवलेलं, पितळ पातळ, स्क्रूच्या खाचा अगदी एकसारख्या.

विकणाऱ्याने परवानगी दिली तर लॉक उघडून बघावं. घोडा अर्ध्यावर चढवावा, डाव्या बाजूचे स्क्रू दोन-तीन फेरे सैल करावेत आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलकेच ठोकावं, म्हणजे पट्टी आपोआप वर येते. मग स्क्रू पूर्ण काढावेत. पट्टीच्या कडेत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की लाकडाची कपची उडालीच. आतल्या भागांवर कानशीने केलेल्या उभ्या रेघा असतात, दोन, तीन, चार. कारागिराने एका पिस्तुलाचे भाग एकत्र राहावेत म्हणून केलेल्या. सगळ्या भागांवर सारख्याच रेघा असतील तर लॉकची जोडणी मूळची. एखाद्या भागावर वेगळी खूण असेल तर तो दुसऱ्या पिस्तुलाचा.

पण हे सगळं नंतर. हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे आत बार आहे का ते बघणं. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी काडी आत टेकेपर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि काडी बाहेरून नळीला लावून बघावी. टोक निपलच्या रेषेपर्यंत यायला हवं. दोन-तीन सेंमी आधीच अडलं तर बार भरलेला आहे असंच धरायचं. दीडशे वर्षांची दारूही पेटते. अशा पिस्तुलाचं निपल काढायचं नाही, तापवायचं तर मुळीच नाही. जाणकार बंदूक-कारागिराकडेच ते काम द्यावं.

नळी रिकामी असेल तर घोडा अर्ध्यावर ठेवून चाप हलका दाबावा. घोडा सुटला तर आतली खाच झिजलेली आहे. पूर्ण चढवलेला घोडा कोऱ्या निपलवर आपटू देऊ नये, अंगठ्याने धरून खाली आणावा. निपल नवं असलं तरी घाबरायचं कारण नाही. टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. उडाल्यावर उरणारा क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि निपल सर्वांत आधी खातो. म्हणून निपल बदलणं तेव्हाही नेहमीचंच होतं.

चकाचक पिस्तूल आणि काळपट पिस्तूल समोर असतील तर काळपट घ्यावं. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं काढून लिंबू-चिंचेने घासतात आणि मग हळद-कुंकू लावतात. लिंबाने वरचा जुना थर जातो, ठसे पुसट होतात. ओलं हळद-कुंकू निपलभोवती आणि स्क्रूच्या खाचेत बसून राहतं आणि त्याखाली गंज धरतो. गेलेला थर पुन्हा येत नाही.

कागदपत्रांत दोन्ही प्रकारांना नियम एकच. जुनं म्हणजे परवाना नको, हा समज चुकीचा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 सूट देतं ती दुरुस्ती करूनही न उडणाऱ्या जुन्या हत्याराला. गृहमंत्रालयाच्या 2020 च्या अधिसूचनेने क्युरिओ (संग्रहाच्या जुन्या वस्तू) गटातली लहान शस्त्रं बाळगायला परवाना लागत नाही, पण वापरायला, सोबत न्यायला, वाहतूक करायला लागतो. म्हणजे कोल्हापुरात घेतलेलं पिस्तूल डिकीत टाकून कोगनोळीवरून निपाणीला आणणं हीसुद्धा वाहतूकच. चोर्ला घाटातून गोव्याला नेणंही तसंच. व्यवहाराआधी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या शस्त्र परवाना विभागात फोटो आणि मापांसह लेखी अर्ज द्यावा आणि उत्तरही लेखीच घ्यावं. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पावतीवर नमुना, नळीची लांबी, तोंडाचा व्यास आणि ठशांचं वर्णन लिहून घ्यावं. नुसतं "जुनं पिस्तूल" लिहिलेली पावती कामाची नाही.

खानापूर-जांबोटीच्या पावसात चामड्याच्या म्यानात ठेवलेलं पिस्तूल एका मोसमात डागाळतं. चामडं ओल धरतं आणि पितळ हिरवं पडतं. सुती कापडात, झाकणाच्या डब्यात ठेवावं. सिलिका जेल थोडंच घालावं, हवा फार कोरडी झाली की लाकूड आक्रसून लॉकच्या कडेला चीर जाते. लोखंडाला मशीन ऑइलचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल नको, ते चिकट होऊन लॉक धरतं. लाकडाला वर्षातून एकदा उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार थेंब, फडक्याने चोळून. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पहिल्याच आठवड्यात लॉक काढून पट्टीमागचं लाकूड बोटाने चाचपावं. ओल तिथे सर्वांत उशिरापर्यंत राहते.