एक्स-३२७० मध्ये मॅक्रोने कीमॅप बदलणं: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी पुण्यात मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचे मोठे संगणक) सपोर्टमध्ये काम करते. मेनफ्रेमचं जुनं ३२७० टर्मिनल, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड, माझ्या संगणकावर एका विंडोत उभं करणारा प्रोग्राम म्हणजे एक्स-३२७०. सकाळ आयएसपीएफमध्ये (मेनफ्रेमवर कोड लिहिण्याचं साधन) जाते: कोड, जेसीएल (जॉब चालवण्याच्या सूचना), जॉबचं आउटपुट. दुपारनंतर सीआयसीएसचे (मेनफ्रेमवर व्यवहार चालवणारी प्रणाली) पॉलिसी फॉर्म उघडून टेस्ट डेटा भरायचा. स्क्रीन तोच, कीबोर्ड तोच, पण हातांना दोन्हीकडे वेगळं वळण लागतं, आणि माझा सगळा त्रास त्यातूनच सुरू झाला.

आयएसपीएफमध्ये कमांड टाइप केली की मोठी एंटर की दाबायची, ती होस्टकडे, म्हणजे मेनफ्रेमकडे जाते. फॉर्ममध्ये मात्र एक रकाना भरला की बोट आपोआप त्याच कीवर जातं, कारण मनात ‘पुढचा रकाना’ असतो. इथे ३२७० चा स्वभाव आडवा येतो. एंटर म्हणजे भरलेला सगळा स्क्रीन एकदम पाठवणं. १९७१ मध्ये आलेल्या या टर्मिनल घराण्याच्या मूळ कीबोर्डवर एंटर उजवीकडे खाली, आजच्या उजव्या कंट्रोलच्या जागी असायची. आज जिथे मोठी एंटर की आहे तिथे न्यूलाइन होती, म्हणजे खालच्या ओळीतल्या रकान्यात उडी. जुनी मांडणी फॉर्म भरणाऱ्यांसाठी किती विचारपूर्वक केली होती, हे मला रोज शंभरेक रकाने भरायला लागल्यावर कळलं.

एकदा टेस्ट रीजनमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्रणालीत, अर्धवट भरलेला फॉर्म तसाच गेला. तारीख रिकामी, रक्कम भरलेली, आणि रेकॉर्ड तयारही झालं. ते निस्तरण्यात दुपार गेली. त्याच संध्याकाळी मी कीमॅपच्या, म्हणजे कोणती की काय करेल या यादीच्या, मागे लागले.

एक्स-३२७० मध्ये कीमॅप ही क्रिया मॅक्रोतून, म्हणजे एका नावाखाली साठवलेल्या क्रियांतून, चालवता येते. मूळ कीमॅपवर तात्पुरता कीमॅप चढतो, आणि त्यात फक्त बदललेल्या कीज लिहिल्या की पुरतं, बाकीच्या खालच्या कीमॅपमधून येतात. माझ्या ‘फॉर्म’ कीमॅपमध्ये मोजून चार ओळी आहेत: मोठ्या एंटरला न्यूलाइन, नंबर पॅडच्या एंटरला टॅब (पुढचा रकाना), नंबर पॅडच्या अधिकला बॅकटॅब (मागचा रकाना), उजव्या कंट्रोलला खरा एंटर. नंबर पॅडच्या याच दोन कीज निवडल्या, कारण नमलॉक चालू असो वा बंद, त्यांचं नाव बदलत नाही. आकड्यांच्या कीजचं तसं नाही. सात दाबल्यावर कधी सात मिळतो, कधी होम.

हे सगळं होम फोल्डरमधल्या डॉट-एक्स३२७०प्रो फाइलमध्ये लिहायचं. इथे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटची सोडून प्रत्येक ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश, एन आणि पुन्हा बॅकस्लॅश लागतो. शेवटच्या बॅकस्लॅशनंतर एक स्पेस जरी राहिली तरी पुढची ओळ जोडली जात नाही. डोळ्यांना ती स्पेस दिसत नाही. पहिल्या दोन ओळी चालायच्या, पुढच्या नाहीत, आणि मी कीजची नावं तपासत बसले होते. आता फाइल सेव्ह करण्याआधी ओळींच्या शेवटच्या स्पेस शोधून काढते.

पहिले दोन महिने एकच मॅक्रो होता: ‘फॉर्म’ कीमॅप चढव. पण हीच क्रिया त्याच नावाने पुन्हा चालवली की कीमॅप उतरतो. फोन आला, चहाला जाऊन आले, की आता चढलेला आहे की उतरलेला, हे आठवेना. खात्रीसाठी मॅक्रो पुन्हा चालवला की चढलेला उतरायचा. या घोळात आणखी एक अर्धवट फॉर्म गेला.

मग मी दोन मॅक्रो केले आणि खरा फरक तिथून पडला. ‘भरणी’ मॅक्रो आधी कीमॅपला ‘नन’ (काही नाही) देऊन तात्पुरता थर काढतो, मग ‘फॉर्म’ चढवतो. ‘कोड’ मॅक्रो फक्त ‘नन’ देतो. आता ‘भरणी’ कितीही वेळा चालवा, फॉर्मचाच कीमॅप लागतो. गुंता नको म्हणून मी तिसरा कीमॅप मुद्दाम केलेला नाही.

त्यापुढची पायरी माझी सर्वात आवडती. ‘भरणी’ मॅक्रोच्या त्याच ओळीत स्क्रीन क्लिअर करणं, फॉर्म उघडणारा चार अक्षरी ट्रान्झॅक्शन कोड टाइप करणं आणि एंटर हेही घातलं. फॉर्म उघडतो तेव्हा कीबोर्ड फॉर्मचा झालेला असतो. मॅक्रो मेनूतून चालतो, पण मूळ कीमॅपमध्ये एखादी की त्याला जोडता येते. मी स्क्रोल लॉक दिली, एरवी ती पडूनच असते. ऑल्ट-एक घेणार होते, पण ती पीए-वन (३२७० ची एक खास की) असते आणि मला ती लागते.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. तात्पुरता कीमॅप त्या एकाच विंडोपुरता असतो. दुसरं सेशन उघडलं की तिथे मूळ कीमॅप असतो, आणि शेजारी दोन विंडो असल्या की हात अजूनही एखाद्या वेळी चुकतो. शिवाय बऱ्याच लॅपटॉपवर उजवा कंट्रोल नसतोच. माझ्या लॅपटॉपवर नव्हता, म्हणून बाहेरचा कीबोर्ड घेतला, आणि नंबर पॅडही त्यातच मिळाला.

दोन मॅक्रो केल्याला आता सहा महिने झाले. फॉर्म भरताना कीबोर्डकडे बघायला लागत नाही, आणि अर्धवट फॉर्म त्यानंतर एकदाच गेला, तोही शेजारच्या विंडोतून.