परदेशी निघण्याआधी इतवारीतल्या या दुकानात जा, पण ड्रिल घ्यायला नाही

नागपूरहून जर्मनीला निघालेलं कोणी विचारतं, "ताई, सोबत काय नेऊ?" तर मी मसाल्यांच्या आधी हत्यारांचं नाव घेते. हत्यारं घ्यायची ती इतवारीत, लोहाओळीच्या भागातल्या एका जुन्या दुकानातून. तोंड अरुंद, आत मात्र बोगद्यासारखं लांब. मालकांनी "नाव नका लिहू" म्हणून बजावलंय, म्हणून नाव नाही. खूण सांगते: पायरीशी नायलॉनच्या दोराची रिळं, आणि गल्ल्याच्या बाजूला लोखंडी घमेल्यात विटांचे तुकडे. त्या घमेल्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

मी स्टुटगार्टजवळ मशीन डिझाइनमध्ये नोकरी करते. सुट्टीत घरी आले तेव्हा बहिणीचा मुलगा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या युरोपातल्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मनीला निघायच्या तयारीत होता. त्याची यादी फोनमध्ये तयार होती: दोन बॅटऱ्यांची १८ व्होल्टची ड्रिल, ग्राइंडर, आणि प्लास्टिकच्या सुटकेसमधलं ते शंभरेक नगांचं किट. म्हटलं, चल, आधी इतवारीत जाऊ.

जर्मनीला जाताना हत्यारांचं एवढं काय, असं वाटेल. तर तिथले नियम असे आहेत. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी 'हा माझ्याकडे राहायला आला आहे' अशी घरमालकाच्या सहीची चिठ्ठी हवी. नोंद नसली की टॅक्स नंबर अडतो आणि पुढे राहण्याच्या परवान्याचं कामही अडतं. नवा माणूस म्हणून जे घर आधी मिळेल ते पकडतो. आणि पुष्कळदा ते घर म्हणजे नुसत्या भिंती. स्वयंपाकघराच्या जागी नळाचं कनेक्शन आणि भिंतीतून डोकावणारी वायर. ओटा नाही, कपाट नाही, छताला दिवासुद्धा नाही. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला असतो, तिथे त्यात कोणाला नवल वाटत नाही. कारागीर बोलवावा तर तासाचा दर ऐकून छाती दडपते आणि तारीख मिळते पुढच्या महिन्याची. म्हणून पडद्याच्या दांडीपासून भांड्यांच्या कपाटापर्यंत सगळी भोकं आपल्यालाच पाडायची. घर सोडताना तीच भोकं बुजवून द्यायची, नाहीतर अनामत कापली जाते. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते, तेव्हा ही काही चिल्लर रक्कम नाही.

भाच्याने यादी वाचून दाखवली. काकांनी (सगळे त्यांना काकाच म्हणतात) ड्रिल काढली नाही. आधी विचारलं, "भाऊ, भिंत कायची हाय तिथं?"

भाच्याला काय माहीत! मी सांगितलं: नव्या इमारतींत सळईचं काँक्रीट असतं किंवा चुना आणि वाळू दाबून केलेल्या घट्ट विटा. बऱ्याच घरांत आतून उभी पोकळ नळकांडी असलेली मातीची वीट सापडते. खोल्यांमधल्या पडद्या जिप्समच्या बोर्डाच्या असतात, ठोकून पाहिलं की पोकळ वाजतात.

काकांनी घमेलं पुढे ओढलं. त्यात एक लाल वीट, एक राखेची वीट आणि काँक्रीटचा एक ठोकळा होता, साइटवर तपासणीसाठी ओततात तो १५ सेंटिमीटरचा क्यूब. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेमुळे आपल्याकडे राखेची वीट घरोघरी पोहोचली आहे, त्यामुळे तिच्यात भोक कसं पडतं हे नागपूरच्या माणसाला ठाऊक असतं. काकांनी साधी इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे फिरताफिरता ठोकाही देणारी, भाच्याच्या हाती दिली आणि म्हणाले, "तिन्हीत पाडून पाहा." राखेच्या विटेत बिट, म्हणजे ड्रिलला लावायची भोक पाडणारी दांडी, सहज घुसली. लाल विटेत थोडी थांबत गेली. काँक्रीटमध्ये भाचा अंगाचा सगळा भार टाकून उभा, आणि बिट जागच्या जागी पांढरी पूड काढत बसली. मग काकांनी एसडीएस-प्लसची हॅमर ड्रिल दिली. तीच सहा मिलिमीटरची बिट, पण तिच्या दांड्याला खाचा. मशीनमधला पिस्टन हवेच्या दाबाने बिटेवर मागून घाव घालतो, आपल्याला फक्त धरून उभं राहायचं. काही सेकंदांत भोक तयार. यूट्यूबवर तासन्तास बघूनही हा फरक हाताला कळत नाही, तो त्या घमेल्यापाशी कळतो. या एका सोयीसाठी मी या दुकानाला शहरातल्या कुठल्याही चकचकीत शोरूमच्या वर ठेवेन.

पोकळ विटेबद्दल मात्र जाणाऱ्याने ध्यानात ठेवावं: तिथे ठोका बंद करायचा आणि नुसतं फिरवून भोक पाडायचं. ठोका चालू राहिला की आतले पातळ पडदे फुटतात आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात घालतात तो प्लग, नुसती फिरत राहते. काकांच्या घमेल्यात तशी वीट नव्हती. मी सांगितल्यावर त्यांनी कोऱ्या बिलाच्या मागे तिचं चित्र काढून घेतलं.

आता मुद्द्याची गोष्ट. बॅटरीची ड्रिल इथून नेऊ नका. दहा हजारांच्या आतबाहेरची वस्तू, काकांनी ती सहज गळ्यात मारली असती. पण मी असं म्हटल्यावर ते स्वतःच म्हणाले, "बराबर हाय ताई. तिकडं बिघडली त इथं माह्यापाशी आणाल काय?"

कारणं सांगते. बॅटरीची हत्यारं घेणं म्हणजे एका कंपनीच्या बॅटरीशी लग्न लावणं. पहिली ड्रिल घेतली की पुढची करवत, पुढचा दिवा, सगळं त्याच बॅटरीचं घ्यावंसं वाटतं, तेव्हा ती कंपनी आणि तिची सर्व्हिस जिथे राहतो तिथली असलेली बरी. जर्मनीत नव्या वस्तूला विक्रेता कायद्याने दोन वर्षं बांधील असतो. ऑनलाइन घेतली तर १४ दिवसांत कारण न देता परतही करता येते. इथल्या वॉरंटी कार्डाच्या जोरावर तिथे भांडता येत नाही. दुसरं, विमान. लिथियमची सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालतच नाही, ती केबिनमध्ये न्यावी लागते. तीही १०० वॅट-तासांपर्यंत बिनबोभाट, आणि १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी घेऊन. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९०, चालेल. १८ व्होल्ट, ८ अँपिअर-तास म्हणजे १४४, परवानगी लागेल. डब्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं पाहून घाबरू नका, तो पूर्ण चार्ज झाल्या क्षणाचा आकडा, कामाचे व्होल्ट १८च. आणि उलटी गंमत अशी की ड्रिलचं धड आणि बिटा केबिनमध्ये चालत नाहीत, त्या चेक-इनमध्येच टाकाव्या लागतात.

तारेची ड्रिल जर्मनीत चालेल, दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. प्लग तेवढा वेगळा. अंगावर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची, तिला अर्थिंगची पिन लागत नाही. अमेरिका-कॅनडावाल्यांनी तारेचं काहीच नेऊ नये. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली मशीन नुसती कण्हत बसेल. दुबई आणि इंग्लंडला व्होल्टेज जुळतं, पण सॉकेट चौकोनी तीन पिनांचं. मोठी हॅमर ड्रिल तर कुठेच नेऊ नका. तिथल्या बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या सामानाच्या अजस्र दुकानांत, ती दिवसाच्या भाड्याने मिळते, आणि काँक्रीटमधली भोकं एका दिवसात उरकतात. फक्त रविवारी ती दुकानं बंद असतात, आणि रविवारी भोक पाडलं तर शेजारी दार वाजवतात. रात्री दहा ते सकाळी सहाही शांतता. कित्येक इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीनचीही भर असते.

मग इथून न्यायचं काय? हातहत्यारं आणि बिटा. इथेच काकांची खरी जाण दिसते. भाच्याने ते सुटकेसवालं किट उचललं तेव्हा त्यांनी त्यातली एक मेसनरी, म्हणजे वीट-काँक्रीटसाठीची, बिट आणि आपल्या खणातली एक, दोन्ही ट्यूबलाइटखाली आडव्या धरल्या. टोकाला कार्बाइडची छोटी पाती बसवलेली असते. खणातल्या बिटेत ती पाती पितळी डाखाच्या अखंड बारीक रेषेने दांड्याला धरलेली होती आणि दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आलेली. किटमधल्या बिटेत डाखाची रेषा मध्येच तुटलेली, पाती एका अंगाला सरकलेली. अशी बिट भोक मोठं आणि वाकडं पाडते आणि तापली की टोक गळून भिंतीतच राहतं. किट खाली ठेवलं. सुट्या बिटा घेतल्या: सहा, आठ आणि दहा मिलिमीटर, प्रत्येकी दोन. त्यातल्या सहा आणि आठच्या एसडीएस दांड्याच्याही.

पुढची खरेदी भराभर झाली. भारतात बनलेले पाने आणि पक्कड, अ‍ॅलन की, पेचकसांचा जोड, मेजटेप, फूटभर लांबीची लेव्हल पट्टी. मेट्रिक मापं दोन्हीकडे तीच, म्हणून पाने आणि चाव्या बिनधास्त न्या. भारतीय फोर्ज केलेल्या पान्यांना मी तिथेही डोळे मिटून पसंती देते. त्या दर्जाच्या वस्तूला तिथे कितीतरी जास्त मोजावे लागतात. वजन बघा मात्र, पाने बॅगेची मर्यादा कधी खातात कळत नाही. नवं सामान किंमतीसह बिलात असू द्या. युरोपाबाहेरून विमानाने येणाऱ्याला ४३० युरोपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क नाही. राहतं घर हलवणाऱ्याला आणखी सवलत आहे, पण ती किमान सहा महिने वापरलेल्या सामानाला, कोऱ्या डब्यांना नाही.

एका गोष्टीवर काकांशी माझं जमलं नाही. त्यांनी आग्रहाने निऑनचा टेस्टर दिला. मी तो भाच्याला नेऊ दिला नाही. जर्मनीतल्या जुन्या, कधीच वायरिंग न बदललेल्या घरांत, म्हणजे साधारण १९६५ च्या आधीच्या वायरिंगमध्ये, लाल वायर अर्थिंगची असते. आपल्याकडे लाल म्हणजे फेज. नव्या घरांत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. छताला लोंबणाऱ्या वायरींवर दिवा लावताना रंगावर विसंबायचं नाही आणि निऑनच्या अशा एका टोकाच्या टेस्टरवर तर मुळीच नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर तिथे जाऊन घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही. दिवा जोडण्यापलीकडच्या वायरिंगला हातच लावू नका, त्याला तिथला मान्यताप्राप्त इलेक्ट्रिशियन लागतो. काकांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते चेहऱ्यावर दिसलं नाही.

मी स्वतःसाठी, म्हणजे आईबाबांच्या घरासाठी, तारेची १३ मिलिमीटर चकची (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा) इम्पॅक्ट ड्रिल घेतली. पैसे देण्याआधी काकांनी चकमध्ये लांब बिट लावली, टोकाशी पेन्सिल धरली आणि मशीन हळू फिरवली. टोक आणि पेन्सिल यांच्यामधली फट फिरताना कमीजास्त होते का, ते बघायचं. पहिल्या नगात टोक डगमगलं, तो त्यांनी बाजूला ठेवला. दुसरा स्थिर निघाला. ही परीक्षा तुम्हीही मागा, नाही म्हणत नाहीत. घरी येऊन बाबांसाठी बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवला. टाइल्सवर आधी चिकटपट्टी लावून ठोका बंद ठेवून पाडलं, मग आतल्या विटेत ठोका चालू केला. एकही टाइल तडकली नाही. बाबा आता तो धरूनच उठतात. परदेशात राहणाऱ्या मुलांनी सुट्टीत येऊन हे एक काम करून जावंच, असं मला मनापासून वाटतं.

तक्रारीही आहेत. वस्तूंवर किंमत लिहिलेली नसते, विचारावी लागते. काका नसले की काउंटरवरची पोरं तेच स्वस्तातलं किट पुढे करतात, म्हणून काका असतील तेव्हाच जा. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितलं की जीएसटीसकट नीट देतात, आणि विमानाने नेणाऱ्याने ते मागावंच. भिंतीतली भोकं बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, ठेवत नाहीत, पण ती तिथे ट्यूबमध्ये तयार मिळते.

चारचाकी नेऊ नका, लावायला जागा नाही. आम्ही सुभाष नगरहून मेट्रोत बसलो आणि गाडी न बदलता अग्रसेन चौकात उतरलो, पुढे ई-रिक्षा. दुपारी गर्दी असते आणि मे महिन्यात आत पंखा पुरत नाही. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर काका घमेलं स्वतः पुढे ओढतात.