रूल द वेव्ज ३: आरमार तुमचं, तिजोरी सरकारची

उसळत्या लाटा आणि थ्रीडी तोफा बघायच्या असतील तर हा गेम घेऊ नका. 'रूल द वेव्ज ३' (२०२३, विंडोज) म्हणजे तक्ते, याद्या आणि लढाईच्या वेळी नकाशावर सरकणाऱ्या चिमुकल्या आकृत्या. इंटरफेस जुनाट आहे आणि मॅन्युअल वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. तरीही १८९० ते १९७० या काळातली आरमारी चढाओढ खेळायची तर माझ्या मते याला तोड नाही.

कारण इथे तुम्ही सम्राट नसता, नुसते नौदलप्रमुख असता. एक टर्न (तुमची एक खेळी) म्हणजे एक महिना. युद्ध कधी पेटेल हे तुमच्या हातात नसतं. मंत्री सल्ला विचारतात; ताठर उत्तर दिलंत तर बजेट वाढतं, पण शेजाऱ्याशी तणावही वाढतो. पत फार घसरली की थेट घरी.

१९०० सालचा जर्मनी घेऊन बघा, तेव्हाचा जर्मन नौदलमंत्री टिर्पिट्झ याचं दुखणं लगेच कळतं: ब्रिटनची तिजोरी कितीतरी मोठी. पहिल्याच महिन्यात जुन्या युद्धनौका राखीव ताफ्यात टाका, देखभालीचा खर्च उतरतो. त्याहून स्वस्त म्हणजे जहाज पूर्ण बंद करून ठेवणं, पण मग खलाशांचा सराव मोडतो आणि तो परत यायला महिने जातात. उरलेला पैसा आधी गोदीत घाला. गोदीच्या मापापेक्षा मोठं जहाज घरी बांधता येत नाही आणि विस्तार रातोरात होत नाही. हे इतिहासाला धरूनच आहे; १९०६ च्या 'ड्रेडनॉट' या ब्रिटिश युद्धनौकेनंतर जहाजं मोठी होत गेली आणि जर्मनीला बाल्टिक व उत्तर समुद्र जोडणारा कील कालवासुद्धा रुंद करावा लागला होता.

गेमचा जीव आहे तो जहाजाच्या आराखड्यात. वेग एका नॉटने (तासाला एक सागरी मैल) वाढवला की इंजिनाचं वजन बेसुमार वाढतं, आणि मग कात्री चिलखताला लागते. टरेटचं, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजाचं, चिलखत मात्र कापू नका. गोळा आत शिरला तर आग दारूच्या कोठारापर्यंत पोचते आणि जहाज जागच्या जागी उडतं; १९१६ मध्ये जटलंडच्या सागरी लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (वेगवान, पण कमी चिलखताच्या मोठ्या युद्धनौका) अशाच गेल्या. आणखी एक: आराखड्यातलं सगळं टनेज (वजनाची मर्यादा) वापरून टाकू नका. पुढे नवी फायर कंट्रोल (तोफांचा नेम साधणारी यंत्रणा) बसवायची तर वजनाला जागा लागते, ती नसली तर जहाज दहा वर्षांत भंगार.

सगळ्यात मोठा दणका नौदल कराराचा. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात एका युद्धनौकेला ३५,००० टन आणि १६ इंची तोफा ही मर्यादा होती. गेममध्ये ती वेगळीच निघू शकते, आणि त्या मर्यादेपेक्षा मोठं, अर्धवट बांधलेलं जहाज मोडीत काढावं लागतं. म्हणून तीन अजस्र जहाजं एकदम बांधायला घेणं हा जुगार आहे.

कच्चा दुवा अर्थकारणाचा. नाकेबंदी आणि पाणबुड्यांमुळे शत्रूच्या देशात असंतोष वाढतो, सरकार कोसळतं, इथवर छान. पण तेल सोडलं तर जकात, कर्ज, कच्चा माल यांचा पत्ता नाही. वसाहत म्हणजे नुसता एक आकडा. लढाया गेम स्वतः जुळवतो, त्यामुळे नेमकी तुमची नवी कोरी युद्धनौका बंदरातच राहते असंही होतं. विमानवाहू जहाजांच्या काळात तर एकेक लढाई रेंगाळते.

नवख्यांनी १९०० पासूनच सुरुवात करावी, विमानं नाहीत तोवर आराखडे शिकून होतात. ऑस्ट्रिया-हंगेरी मात्र नंतरसाठी ठेवा.