घर गावात, क्लायंट परदेशात: पत्त्याचे पुरावे काही महिने वापरल्यावर

कंपनीत नोकरी असली की पत्त्याचं पत्र एचआर देतं. घरी बसून परदेशी कामं घेणाऱ्या फ्रीलान्सरकडे तसं पत्र नसतं, आणि पत्ता तर सगळेच मागतात: बँक, पेमेंट प्लॅटफॉर्म, क्लायंटचा अकाउंट्स विभाग. लातूर, बीड, धाराशिवकडच्या गावातलं घर हाच कायमचा पत्ता धरून आधार, वीजबिल, नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा), बँक स्टेटमेंट आणि भाडेकरार हे पुरावे काही महिने वापरल्यावरचं हे मत आहे. कागद कमी पडला म्हणून अर्ज फारसे परत येत नाहीत. दोन कागदांवर एकच घर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, म्हणून परत येतात.

सगळ्यात उपयोगी आधारच. त्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असल्यामुळे परदेशातला तपासणारा माणूसही ते वाचू शकतो. स्वतःच्या नावावर घराचा एकही कागद नसेल तर 'कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदल' ही सोय वापरा. ती २०२३ पासून सुरू आहे. मायआधार पोर्टलवर वडिलांचा किंवा आईचा आधार क्रमांक द्यायचा, नातं दाखवणारा कागद जोडायचा (रेशनकार्ड, दोघांची नावं असलेली मार्कशीट; काहीच नसेल तर कुटुंबप्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र) आणि शुल्क भरायचं. त्यानंतर कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांच्या आत स्वतःच्या लॉगिनमधून मंजुरी द्यायची. ती राहिली तर विनंती बंद होते आणि शुल्कही परत मिळत नाही. गावाकडे घोडं अडतं ते इथेच: वडिलांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर केव्हाच बंद पडलेला असतो आणि ओटीपी येत नाही. म्हणून अर्जाआधी तो नंबर तपासा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पद्धतीत कुटुंबप्रमुखाचा पत्ता जसाच्या तसा तुमच्या कार्डावर येतो. त्यांच्या कार्डावर गावाचं स्पेलिंग चुकलं असेल किंवा पिनकोड शेजारच्या पोस्टाचा असेल, तर ती चूक तुमच्याकडेही येते. आधी त्यांचं कार्ड दुरुस्त करा, मग स्वतःचा अर्ज टाका.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ मध्ये. त्यामुळे पासपोर्टवर उस्मानाबाद, आधारवर धाराशिव आणि बँकेत भलतंच स्पेलिंग, अशी एकाच माणसाची तीन रूपं दिसतात. इथल्या बँकेत समजावून सांगता येतं, प्लॅटफॉर्मच्या तपासणीत मात्र अक्षरं जुळावी लागतात. तिथे फॉर्ममध्ये जोडलेल्या कागदावरचंच नाव लिहा, मग ते जुनं असलं तरी चालेल. सगळे कागद नव्या नावावर आणायचे तर आधारपासून सुरुवात करा.

फॉर्ममधला दुसरा अडथळा रस्त्याच्या नावाचा. 'मु. अमुक, पो. तमुक, ता. कळंब' या पत्त्यात रस्ता कुठून आणायचा? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराचा मिळकत क्रमांक असतो. पहिल्या ओळीत तो घर क्रमांक म्हणून लिहा आणि पुढे सगळीकडे तोच ठेवा. फेरआकारणीत क्रमांक बदलू शकतो, तेवढं लक्षात असू द्या. नमुना ८ मागायला जाऊन तलाठ्याकडून ८अ घेऊन येणारे खूप जण आहेत. ८अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे, घराच्या पत्त्यासाठी तो कामाचा नाही.

केवायसीसाठी बँकेला आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांसारखं एक मुख्य ओळखपत्र लागतं. त्यावर सध्याचा पत्ता नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते, पण तीन महिन्यांत सध्याच्या पत्त्याचं मुख्य ओळखपत्र द्यावंच लागतं. महावितरणचं बिल साइटवरून १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून मिळतं. ते आजोबांच्या नावावर असेल तर तुमच्या कामाचं नाही. आधी नमुना ८ वर वारसनोंद, मग वीजजोडणीचं नाव बदल, असा क्रम लावावा लागतो. वेळखाऊ आहे, पण एकदा केलं की दर महिन्याला ताजा पुरावा घरबसल्या तयार होतो.

आधार बदललं म्हणून बँकेतला पत्ता आपोआप बदलत नाही, तिथे वेगळा अर्ज द्यावा लागतो. नंतर स्टेटमेंट उघडून पाहा: लांब पत्त्याची शेपटी कापली जाते आणि नेमका तालुका किंवा पिनकोड गायब होतो. ई-आधारची फाइल पासवर्डसकट अपलोड केली तर ती उघडतच नाही. ती उघडून पासवर्डविना नवी पीडीएफ करून घ्या, आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तिथे मास्क केलेलं (फक्त शेवटचे चार अंक दिसणारं) आधारच द्या.

अमेरिकन क्लायंट डब्ल्यू-८बेन मागतो, म्हणजे आपण परदेशी आहोत हे सांगणारा तिथला कराचा फॉर्म. त्यात कायमच्या पत्त्याच्या ओळीत पोस्ट बॉक्स किंवा 'केअर ऑफ' चालत नाही. आधारवर मात्र वडिलांच्या नावाआधी नेमकं तेच छापलेलं असतं, म्हणून इथे तो भाग गाळून घर क्रमांकापासून सुरुवात करा. परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन. तारखेत आधी महिना, मग दिवस. २०२६ मध्ये सही केलेला फॉर्म साधारणपणे ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत चालतो, पण त्यावरची माहिती चुकीची ठरेल असा बदल झाला, उदाहरणार्थ दुसऱ्या देशात मुक्काम हलवला, तर ३० दिवसांत कळवायचं असतं.

पुण्यात किंवा संभाजीनगरात खोली घेऊन राहणाऱ्यांना भाडेकरार उपयोगी पडतो, पण नोंदणी केलेलाच. नुसत्या नोटरीच्या करारावर भरवसा ठेवू नका. तरी ११ महिन्यांच्या करारासाठी कायमचा पत्ता हलवू नये असं माझं ठाम मत आहे. गावचा पत्ता कायमचा ठेवा आणि खोलीचा पत्ता पत्रव्यवहाराच्या रकान्यात द्या. डब्ल्यू-८बेनमध्येही त्यासाठी वेगळी ओळ आहे. सेतूतून मिळणारा अधिवास दाखला मात्र या कामासाठी काढू नका. तो राज्यातलं वास्तव्य सांगतो, अमुक घरात राहता हे त्यातून सिद्ध होत नाही.